शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्यांच्या स्वतःच्या शेअरवर लक्ष कोण ठेवतं?

मुलुंडकर:
नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, इथे बँकेतले, ब्रोकिंगमधले, सीए असे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, कोणीतरी नीट समजावून सांगा.

माझी बायको एका म्युच्युअल फंड कंपनीत ऑपरेशन्सला आहे. फंडाने कुठले शेअर घ्यायचे ते ती ठरवत नाही, ते ठरवणारे वेगळे. तरी तिला स्वतःसाठी एखादा शेअर घ्यायचा असला की आधी कंप्लायन्सकडे, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाकडे, अर्ज टाकायचा, मंजुरी आली की तेवढ्या मुदतीत घ्यायचा, मुदत गेली की परत अर्ज, आणि घेतल्यावर लगेच विकून नफा काढायचा नाही. बरं हे तिच्यापुरतंच नाही, मलाही लागू आहे. मी अंधेरी एमआयडीसीत मशीन पार्ट्सच्या कंपनीत परचेसला आहे, फायनान्सशी माझा काडीचा संबंध नाही, तरी दरवर्षी माझं डीमॅट स्टेटमेंट तिच्या ऑफिसात जमा होतं. मागच्या दिवाळीत मुहूर्त ट्रेडिंगला मी एका बँकेचे थोडे शेअर घ्यायला बसलो होतो, किंमत टाकली, नग टाकले, फक्त बटण दाबायचं बाकी होतं आणि तिने हातच धरला, "थांब, मंजुरी कुठे घेतलीयस?" तेवढ्यात तास संपला आणि ते राहिलंच.

मला या नियमाचा राग नाही, उलट पटतो. लोकांचे पैसे ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यावर नजर हवीच. माझा प्रश्न वरच्या मजल्याचा आहे. हे नियम जे करतात, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिचे अध्यक्ष, पूर्णवेळ सदस्य, रिझर्व्ह बँकेचे मोठे अधिकारी, त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या गुंतवणुकीवर कोण नजर ठेवतं? ऑगस्ट २०२४ मध्ये हिंडेनबर्ग या अमेरिकन रिसर्च कंपनीने तेव्हाच्या सेबी अध्यक्ष माधबी पुरी बुच आणि त्यांच्या मिस्टरांवर आरोप केले, परदेशातल्या फंडात त्यांची गुंतवणूक होती वगैरे, त्या दोघांनी ते ठाम नाकारले, आणि मे २०२५ मध्ये लोकपालांनी तक्रारी निकाली काढल्या, पुरावा नाही म्हणून. म्हणजे ते प्रकरण तिथे संपलं आणि मला ते उकरायचं नाहीये. पण त्या नऊ महिन्यांत टीव्हीवर एवढा गोंधळ झाला, तेव्हा कोणीही एक कागद दाखवून सांगू शकलं नाही की या या तारखेला त्यांनी हे जाहीर केलं होतं आणि या या फाइलपासून त्या लांब राहिल्या होत्या. असा कागद कुठे असतो का? असला तर तो आपल्याला का बघायला मिळत नाही?

बीकेसीवाली:
मुलुंडकर, चांगला प्रश्न. मी एका लिस्टेड कंपनीच्या कंप्लायन्समध्ये आहे, तुमच्या मिसेसना जे अर्ज करावे लागतात तसले अर्ज मंजूर-नामंजूर करणं हेच माझं काम, तर जेवढं माहितीये तेवढं सांगते.

आधी आमच्याकडचं सांगते म्हणजे फरक कळेल. २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे कंपनीची आतली माहिती वापरून व्यवहार करण्याविरुद्धचे, नियम आहेत, त्यात तिमाही संपली की ट्रेडिंग विंडो बंद, म्हणजे आतल्या लोकांनी कंपनीच्या शेअरचे व्यवहार करायचे नाहीत, ती निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते, अशा आतल्या लोकांच्या यादीतल्या माणसाने शेअर घेतला तर सहा महिने उलटा व्यवहार करायचा नाही, आणि जवळच्या नातेवाइकांनाही ते लागू. हे सगळं कागदावर असतं, तारखेसकट, आणि आमच्याकडे एखाद्याने चूक केली तर ती स्टॉक एक्स्चेंजला कळवायची असते.

आता सेबीच्या बोर्डाकडे या. सेबी १९८८ ला आली, कायदा १९९२ चा, आणि त्या कायद्यात कलम ७अ आहे. ते एकदा शांतपणे वाचा, छोटंसंच आहे. त्यात म्हटलंय की जो सदस्य एखाद्या कंपनीचा संचालक आहे आणि संचालक म्हणून त्याचा बोर्डापुढच्या विषयात आर्थिक संबंध आहे, त्याने तो मीटिंगमध्ये सांगायचा, त्याची नोंद कामकाजात करायची आणि त्या चर्चेत, निर्णयात भाग घ्यायचा नाही. वाचायला छान वाटतं पण नीट बघा, संचालक असलेला सदस्य म्हटलंय. शेअर धरून बसलेला सदस्य नाही, ज्याची बायको किंवा नवरा तिथे सल्लागार आहे असा सदस्य नाही. आजच्या काळात पूर्णवेळ सदस्य कुठल्या कंपनीचा संचालक असतो? म्हणजे ज्या गोष्टीची भीती आहे ती कलमाच्या बाहेरच राहिली.

ही फट भरायला २००८ मध्ये बोर्डाने स्वतःच एक कोड केला, त्यात सदस्यांनी आपल्या आणि घरच्यांच्या गुंतवणुकी कळवायच्या वगैरे आहे. पण कळवायचं कोणाला, तर आपल्याच ऑफिसला. त्याला कायद्याच्या नियमांसारखी धार नाही. कर्मचाऱ्यांसाठी वेगळे सेवा नियम आहेत, २००१ चे, ते बऱ्यापैकी कडक आहेत. म्हणजे खालच्या माणसाला कडक आणि सर्वात वरच्याला सैल अशी रचना इतकी वर्षं चालली, आणि मला स्वतःला हेच सगळ्यात जास्त खटकतं, कारण आमच्याकडे आम्ही बरोबर उलटं करतो, जितका मोठा माणूस तितकी त्याची यादी लांब.

मार्च २०२५ मध्ये तुहिन कांत पांडे अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्याच्या बोर्ड मीटिंगमध्ये ठरलं की हे सगळं तपासायला समिती नेमायची. माजी केंद्रीय दक्षता आयुक्त प्रत्युष सिन्हा समितीचे अध्यक्ष, इंजेती श्रीनिवास उपाध्यक्ष, उदय कोटक वगैरे सदस्य. नोव्हेंबर २०२५ ला अहवाल आला, त्यातल्या शिफारशी अशा. अध्यक्ष, पूर्णवेळ सदस्य आणि चीफ जनरल मॅनेजर व त्यावरच्या अधिकाऱ्यांनी आपली मालमत्ता आणि देणी जाहीर करावीत, लोकांसाठी म्हणजे फक्त ऑफिसपुरती नाही. कर्मचाऱ्यांवर गुंतवणुकीची जी बंधनं आहेत तीच अध्यक्ष आणि पूर्णवेळ सदस्यांवर. त्यांना इनसायडरच्या व्याख्येत घाला. कुटुंबाची व्याख्या रुंद करा. भेटवस्तू बंद. सोडून गेल्यावर दोन वर्षं सेबीपुढे कोणाची बाजू मांडायला उभं राहायचं नाही. अध्यक्षपदासाठी अर्ज करणाऱ्याने नेमणुकीच्या आधीच सगळं सांगायचं. एथिक्स आणि कंप्लायन्सचं वेगळं ऑफिस, तक्रार करणाऱ्याला संरक्षण.

मग डिसेंबर २०२५ च्या बोर्ड मीटिंगमध्ये निर्णय पुढे ढकलला गेला. मालमत्ता जाहीर करायच्या मुद्द्यावर कर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं की आमच्या खाजगीपणाचं काय. त्याच महिन्यात लोकसभेत शेअर बाजाराच्या नव्या कायद्याचं, सिक्युरिटीज मार्केट्स कोडचं, विधेयक आलं, त्यातही बोर्ड सदस्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध सांगायची तरतूद आहे, ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं.

सायनचा_सम्या:
मी जरा उलट बाजू मांडतो, रागावू नका कोणी. मी ब्रोकिंगमध्ये आहे, रिसर्चला.

एक म्हणजे सेबीला मार्केट समजणारी माणसं हवीत ना? मार्केट समजणारा माणूस कुठून येणार, मार्केटमधूनच येणार. त्याने वीस-पंचवीस वर्षं कमावलेलं असणार, त्याचे फंड असणार, जुन्या कंपनीने नोकरीत दिलेले शेअर, ईसॉप, असणार, बायकोची स्वतःची करिअर असणार. त्याला तुम्ही सांगणार की सगळं विका, सगळं वेबसाइटवर टाका, बायकोने काय करायचं तेही आम्ही ठरवू, आणि पाच वर्षांनी बाहेर पडलास की दोन वर्षं गप्प राहा. कोण येईल? मग परत आयएएसच येणार, ते वाईट असतात असं नाही पण अल्गो ट्रेडिंग आणि डेरिव्हेटिव्हजमधलं त्यांना शिकेपर्यंत दोन वर्षं जातात.

दुसरं म्हणजे चीफ जनरल मॅनेजर पातळीच्या माणसाचा फ्लॅट, सोनं, कर्ज सगळं इंटरनेटवर टाकायचं ही गोष्ट मला बरोबर वाटत नाही. तो रोज भाव खेळवणाऱ्या ऑपरेटरांच्या विरोधात ऑर्डर लिहितो, भाव फुगवून शेअर लोकांच्या गळ्यात मारणाऱ्या पंप अँड डंपवाल्यांच्या मागे लागतो. अशा माणसांच्या हातात त्याच्या घराचा पत्ता आणि मुलाच्या एज्युकेशन लोनचा आकडा द्यायचा का? ऑफिसला सगळं द्या, एका स्वतंत्र माणसाला तपासू द्या, पण पब्लिकला कशाला?

फोर्टातला_निवृत्त:
सम्या, तुझं दुसरं म्हणणं मला बऱ्यापैकी पटतं, पहिलं कमी पटतं. मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो, सगळी नोकरी फोर्ट आणि नरिमन पॉइंटला, मिंट रोडला रिझर्व्ह बँकेत चकरा पुष्कळ झाल्या, तर जरा जुनं सांगतो, कारण सगळे माणसांच्याच शेअरबद्दल बोलताय आणि संस्थेच्या हितसंबंधाबद्दल कोणी बोलत नाहीये.

१९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हापासून स्टेट बँकेची मालक कोण होती माहितीये? रिझर्व्ह बँक. अगदी शेवटी, २००७ लाही, जवळपास ६० टक्के भांडवल तिचं. म्हणजे जी बँकांना तपासणार, दंड करणार, लायसन्स देणार, तीच देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेची मालकीण, आणि बाकीच्या बँका त्याच बँकेशी ठेवींसाठी स्पर्धा करणार. हे २००७ पर्यंत चाललं. २००७ ला सरकारने तो हिस्सा साधारण ३५,५०० कोटींना विकत घेतला. नाबार्डमधला उरलासुरला आणि नॅशनल हाउसिंग बँकेतला पूर्ण हिस्सा जायला तर २०१९ उजाडलं. बावन्न वर्षं कोणी एक रुपया खाल्ला म्हणून नाही, सगळे प्रामाणिक होते असं धरलं तरी रचनाच चुकीची होती.

आणि आजही सरकारी बँकांच्या बोर्डावर रिझर्व्ह बँकेचा प्रतिनिधी बसायची तरतूद कायद्यात आहे. फेब्रुवारी २०१८ ला आपल्या फोर्टातल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेचं नीरव मोदी प्रकरण बाहेर आलं, पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल गांधीनगरच्या भाषणात म्हणाले की सरकारी बँकांवर आम्हाला खाजगी बँकांइतके अधिकार नाहीत. बरोबर होतं त्यांचं. पण लोक विचारणारच की तुमचा माणूस बोर्डाच्या टेबलाशी बसतो त्याचं काय. जो निर्णयात बसतो तो उद्या त्याच निर्णयाची तपासणी कशी करणार?

आता सरकारचं बघा. सेबीच्या बोर्डावर अर्थ खात्याचा आणि कंपनी खात्याचा प्रतिनिधी असतो, अध्यक्ष सरकार नेमतं, आणि सरकार स्वतः लिस्टेड कंपन्यांचं प्रमोटर. एलआयसीत सरकारचा ९६.५ टक्के हिस्सा. लिस्टेड कंपनीत किमान २५ टक्के पब्लिकचा हिस्सा हवा हा नियम सगळ्यांना, एलआयसीला मात्र डिसेंबर २०२३ ला मुदत वाढवून २०३२ पर्यंत दिली. कारणं असतील, एवढा मोठा हिस्सा एकदम विकला तर बाजार कोसळेल हे मलाही कळतं. पण सूट देणारा आणि सूट घेणारा एकच, हे कुठल्याही खाजगी प्रमोटरच्या बाबतीत आपण चालवून घेतलं असतं का?

राहिलं सम्याचं पहिलं म्हणणं, की असे नियम केले तर चांगली माणसं येणार नाहीत. चंद्रशेखर भावे एनएसडीएलचे, म्हणजे डीमॅट खात्यांची व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेचे, प्रमुख होते, तिथून फेब्रुवारी २००८ ला सेबीचे अध्यक्ष झाले. तेव्हा एनएसडीएलचीच चौकशी सेबीपुढे चालू होती, २००३ ते २००५ च्या आयपीओ घोटाळ्याची, ज्यात हजारो खोटी डीमॅट खाती काढून किरकोळ गुंतवणूकदारांचा कोटा लाटला होता. भावे त्या विषयातून पूर्ण बाजूला झाले, जी. मोहन गोपाल आणि व्ही. लीलाधर या बोर्डाच्या दोन सदस्यांची वेगळी समिती नेमली आणि तिनेच ते प्रकरण ऐकलं. पुढे त्या समितीच्या आदेशांवरून बोर्डातच मोठा वाद झाला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तो भाग वेगळा आणि तोही नीट वाचण्यासारखा आहे. पण बघ, बाजारातून आलेला माणूस आला, बाजूला झाला, आणि कोणत्या विषयातून झाला, त्याच्या जागी कोण बसलं हे आज पंधरा-सतरा वर्षांनी मला इथे नावासकट सांगता येतंय.

आमच्या सोसायटीत सेक्रेटरीच्या मेव्हण्याला रंगाचं काम द्यायचा विषय आला तेव्हा सेक्रेटरी म्हणाला मी मतदान केलं नाही. मिनिट्स बघितली तर त्यात तो कधी उठला, कधी परत आला, कोणी सभा चालवली काहीच नाही. मेंबर भडकले ते कामापेक्षा त्यावरच.

ठाण्याची_सीए:
काकांनी भावेंचं सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. मी अमेरिकेचं उदाहरण देते, कारण ते ताजं आहे आणि तिथे काय चुकलं ते आपल्याला उपयोगी पडेल.

२०२० ला कोविडमध्ये त्यांची सेंट्रल बँक, फेडरल रिझर्व्ह, बाजारात प्रचंड पैसा ओतत होती आणि त्याच वर्षी डॅलस फेडचे प्रमुख रॉबर्ट कॅप्लन मोठमोठे शेअर व्यवहार करत होते, दहा लाख डॉलर आणि त्यावरचे, एक-दोन नाही. बोस्टनचे एरिक रोझेनग्रेन रिअल इस्टेटशी संबंधित गुंतवणुकीत व्यवहार करत होते. सप्टेंबर २०२१ ला हे बाहेर आलं आणि त्याच महिन्यात दोघांनी पद सोडायचं जाहीर केलं, रोझेनग्रेननी तब्येतीचं कारण दिलं. जानेवारी २०२२ ला उपाध्यक्ष रिचर्ड क्लॅरिडाही मुदत संपायच्या आधी गेले. पुढे तिथल्या इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे फेडवर नजर ठेवणाऱ्या तपास अधिकाऱ्याने, चौकशी केली तेव्हा कायदा मोडल्याचं निघालं नाही. म्हणजे तेव्हाच्या नियमांत हे बसत होतं! आणि नेमकं म्हणूनच त्यांनी नियम बदलले, फेब्रुवारी २०२२ ला. मोठ्या अधिकाऱ्यांनी एकेका कंपनीचे शेअर घ्यायचेच नाहीत, जे घ्यायला परवानगी आहे ते घेताना-विकताना ४५ दिवस आधी सांगायचं, घेतलं की वर्षभर ठेवायचं, बाजार भयंकर ताणाखाली असेल तेव्हा व्यवहार बंद, आणि हे नवरा-बायको आणि अज्ञान मुलांनाही.

सम्या, ४५ दिवसांचं मला सगळ्यात आवडलं ते यासाठी की त्याने माणसाचं नुकसान काहीच होत नाही. ज्याला खरंच घरासाठी पैसे हवेत तो ४५ दिवस थांबू शकतो. आतली बातमी वापरायची आहे त्याला मात्र ४५ दिवस परवडत नाहीत. आणि हे बाहेर पडलं कसं, तर त्या अधिकाऱ्यांचे वार्षिक जाहीरनामे पत्रकारांना बघायला मिळाले म्हणून. फेडच्या आतल्या एथिक्सवाल्यांकडे ते कागद आधीपासून होतेच की. त्यांनी पाहिले, फाइल केले, संपलं. म्हणून "स्वतंत्र माणसाला तपासू द्या, पब्लिकला कशाला" हे मला पटत नाही. तो स्वतंत्र माणूस त्याच इमारतीत जेवतो.

पण पत्ता आणि मुलाचं लोन हे तुझं बरोबर आहे. फ्लॅटचा नंबर नका टाकू, बँक खातं नका टाकू. कुठल्या कंपन्यांत आणि फंडांत पैसे आहेत आणि ते साधारण किती रकमेच्या टप्प्यातले, एवढं टाका. आपल्याकडे महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहणारासुद्धा शपथपत्र देतो, स्वतःचं, बायकोचं, अवलंबून असलेल्यांचं. मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशांच्या मालमत्तेची माहिती वेबसाइटवर टाकली. न्यायाधीशांनाही धमक्या येतातच, तरी त्यांनी केलं.

सायनचा_सम्या:
४५ दिवसांचा मुद्दा मान्य. मला तो माहिती नव्हता. चीफ जनरल मॅनेजरबद्दल मात्र मी ठाम आहे, अध्यक्ष आणि पूर्णवेळ सदस्यांपासून सुरुवात करा, ते चार-पाच जण आहेत, त्यांच्यावर कोणाला आक्षेप नसावा. सगळं एकदम मागायला गेलो आणि सगळंच अडकलं तर काय उपयोग.

बीकेसीवाली:
हे मलाही वाटतं. नाराजी खालच्या पातळीची होती आणि तिच्यामुळे डिसेंबर २०२५ ला वरच्यांचंही थांबलं. दोन भाग वेगळे करता आले असते.

निवृत्तीनंतरच्या नोकरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून एक भर घालते. विम्याच्या नियामकाच्या कायद्यात, १९९९ च्या, अध्यक्ष आणि पूर्णवेळ सदस्यांना पद सोडल्यावर दोन वर्षं विमा कंपनीत सरकारच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, हे कलमातच आहे. केंद्र सरकारच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना खाजगी नोकरीसाठी आधी दोन वर्षांची अट होती ती पुढे एक वर्षावर आणली. माझ्या मते वर्षभर फार कमी. एखाद्या कंपनीची चौकशी दोन-तीन वर्षं चालते, मग चौकशी चालू असतानाच तपासणारा माणूस समोरच्या बाजूला जाऊन बसू शकतो. त्याने काही केलं नाही तरी ज्युनिअर ऑफिसरला समोर आपला जुना साहेब बसलेला दिसला की त्याच्या पेनाचं काय होतं ते मी अनेक सुनावण्यांमध्ये बघितलंय. प्रश्न विचारताना "सर" म्हणतात.

मुलुंडकर:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मला कुठल्या बातमीत मिळालं नव्हतं.

माझा मूळ प्रश्न मात्र अजून तसाच आहे. फाइलपासून लांब राहिल्याचा कागद. ११ ऑगस्ट २०२४ च्या पत्रकात सेबीने म्हटलं होतं की अध्यक्षांनी वेळोवेळी आवश्यक माहिती दिली आहे आणि जिथे हितसंबंध येऊ शकतात अशा विषयांतून त्या बाजूला राहिल्या आहेत. मग ती प्रकरणं कुठली? काकांनी भावेंचं सांगितलं तसं यांचं का सांगता येऊ नये? मी माहिती अधिकारात अर्ज करायचा विचार करतोय, करू का?

दादर_टीटी:
मी माहिती अधिकाराचं काम बरीच वर्षं करतोय, धागा आत्ता वाचला. हा अर्ज एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने तेव्हाच केला होता. सप्टेंबर २०२४ ला सेबीचं उत्तर आलं. अध्यक्ष ज्या प्रकरणांतून बाजूला राहिल्या त्यांची माहिती सहज उपलब्ध नाही, ती गोळा करायची तर साधनसामग्री फार खर्च होईल, म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(९) खाली देता येत नाही. आणि मालमत्तेच्या जाहीरनाम्याच्या प्रती, त्या वैयक्तिक माहिती म्हणून नाकारल्या.

हे उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलंय आणि दर वेळी अस्वस्थ होतो. मालमत्तेचं एकवेळ समजू शकतो, त्यावर इथे दोन्ही बाजूंनी चांगली चर्चा झालीये. पण बाजूला राहिल्याची यादी सहज उपलब्ध नाही याचा अर्थ काय होतो बघा. याचा अर्थ असं एकही रजिस्टर नाही ज्यात हे ओळीने लिहिलंय. मग अध्यक्षांकडे फाइल जाऊ नये हे खालच्या अधिकाऱ्याला कळत कसं होतं? कोणत्या नावाची फाइल आली की थांबवायची? पुढचा निर्णय कोणी घ्यायचा? ही यादी आमच्यासाठी नाही, त्यांच्या स्वतःच्या कामासाठी लागते. आणि ती असती तर सगळ्यात जास्त फायदा बुच मॅडमचाच झाला असता, पहिल्याच दिवशी ती दाखवून विषय मिटला असता. सिन्हा समितीनेही बाजूला होण्याची पद्धत नीट बसवायला सांगितलंय, त्यातलं दुसरं काही झालं नाही तरी एवढं आधी व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात कोणाचा फ्लॅट नाही, सोनं नाही, बायकोचा पगार नाही. तारीख, विषय, कोण बाजूला झालं, कोणी निर्णय घेतला. खाजगीपणाचा प्रश्नच येत नाही.

फोर्टातला_निवृत्त:
शंभर टक्के.

मुलुंडकर:
म्हणजे अर्ज करून उपयोग नाही का?

दादर_टीटी:
उपयोग आहे, पण अर्ज वेगळ्या पद्धतीने लिहा. "सर्व प्रकरणांची यादी द्या" असं लिहिलंत की परत ७(९) येणार. ते कलम खरं तर माहिती नाकारायचं कलमच नाही, मागितलेल्या स्वरूपात देणं जड असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या असं ते आहे. म्हणून सुरुवातीलाच दुसरं स्वरूप मागायचं. एकच आर्थिक वर्ष घ्या. त्या वर्षातल्या बोर्ड मीटिंगच्या इतिवृत्तातले फक्त तेवढे परिच्छेद मागा जिथे सेबी कायद्याच्या कलम ७अ किंवा २००८ च्या कोडखाली एखाद्या सदस्याने हितसंबंध सांगितल्याची नोंद आहे. अध्यक्ष लिहू नका, कोणताही सदस्य लिहा, म्हणजे एका माणसाच्या मागे लागल्यासारखं होत नाही. आणि खाली लिहा की प्रती देणं शक्य नसेल तर मी बीकेसीच्या ऑफिसात येऊन अभिलेख पाहायला तयार आहे. पहिला तास फुकट असतो, पुढे तासाला पाच रुपये.

माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम आता आधीपेक्षा जास्त बंद झालंय, नवीन डेटा संरक्षण कायद्याने त्यातला जनहिताचा भाग काढला आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू आहे. पण त्याच कायद्याचं कलम ८(२) शिल्लक आहे, त्यात जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, ते कलम अर्जातच लिहा, अपिलात पहिल्यांदा काढू नका. मालमत्तेचं एक अक्षर या अर्जात घालू नका, नाहीतर त्या एका मुद्द्यावर पूर्ण अर्ज परत येईल.

फी दहा रुपये, अर्ज पाचशे शब्दांच्या आत ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नाकारलं तर त्यापुढे तीस दिवसांत पहिलं अपील, ते सेबीतच. मसुदा झाला की इथेच टाका, बीकेसीवाली ताईंनी कोडमधले शब्द तेवढे एकदा तपासून द्यावेत.

बीकेसीवाली:
देते. शनिवारी दुपारपर्यंत टाका, सोमवारपासून निकालांचा हंगाम सुरू होतोय, मग मला डोकं वर काढता येत नाही.